तांबडा सिग्नल ओलांडल्यानंतर

गोकुळाष्टमीच्या दिवशी पंचगंगेच्या स्नानासाठी आमच्या नार्व्याला माणसांचा जो लोंढा लोटतो, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या दिवसाच्या फेरीबोटीचे वर्णन करून सांगावयास नको. दिवाडीकडून येणारी बोट इतकी भरलेली असते, की ती धक्क्याला लागेपर्यंत काठावर उभ्या असलेल्या माणसाचाच जीव वरखाली होतो. वरच्या अरुंद खोलीत सुकाणू धरून उभ्या असलेल्या माणसाकडे मात्र कोणाचेही लक्ष नसते. बोट बिनबोभाट लागली की त्याची आठवणही कोणाला राहत नाही. ती आपटली, तर मात्र साऱ्या काठाला एकाएकी त्याचा चेहरा दिसू लागतो.

अशाच एका अष्टमीला मुंबईहून आलेले आमचे एक आप्त धक्क्यावर माझ्या शेजारी उभे होते. हातात वर्तमानपत्र होते आणि त्यात कोठल्याशा चालकाने सिग्नल ओलांडल्याची बातमी होती. ते म्हणाले, "अहो, यांच्यातला एक घरी बसवा, म्हणजे बाकीचे आपोआप सरळ होतील." मी तेव्हा काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हतेही. पण वाक्य मनात राहिले, आणि मग या विषयावर जे मिळेल ते वाचण्याचा नाद लागला. गोव्यातल्या, बेळगावातल्या, बडोद्या-इंदुरातल्या आपल्या मराठी घरांपैकी ज्याचा एखादा तरी माणूस मुंबईच्या लोकलने रोज जात-येत नाही, असे घर विरळाच. तेव्हा हा प्रश्न दूरच्या गावाचा आहे, असे मानण्याचे कारण नाही.

प्रथम एक साधी गोष्ट. जुन्या काळी होडी वल्हविणारा तारी प्रवाशांबरोबर त्याच होडीत असे. होडी उलटली तर तोही पाण्यात. रेल्वेच्या चालकाचे तर त्याहून अवघड आहे, कारण तो गाडीच्या अगदी पुढच्या टोकाला बसलेला असतो आणि समोरून जे येईल ते प्रथम त्याच्यावर येते. स्वतःच्या जिवाचे भय ज्याला पुरेसे सावध ठेवू शकत नाही, त्याला बडतर्फीचे भय अधिक सावध कसे करणार? आमच्या आप्तांना हा प्रश्न मी त्या दिवशीच विचारावयास हवा होता. चूक करणारा चालक बहुधा बेफिकीर नसतो. त्या क्षणी त्याचे चित्त अन्यत्र गेलेले असते. ते का गेले, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईच्या उपनगरी गाडीच्या चालकाला मोटरमन म्हणतात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या हार्बरच्या मार्गावर विजेची पहिली गाडी धावली, तेव्हापासून हा शब्द रूढ आहे. लांब पल्ल्याच्या गाडीत चालकाशेजारी सहचालक असतो. समोरचा सिग्नल दिसला की एकाने त्याचा रंग उच्चारावयाचा आणि दुसऱ्याने तो पुन्हा म्हणावयाचा, अशी तेथे शिस्त आहे. मोटरमन मात्र आपल्या खोलीत एकटा असतो. त्याचा साथीदार म्हणजे गाडीच्या शेवटच्या टोकाला असलेला गार्ड. २०२२ पासून त्याचे अधिकृत नाव ट्रेन मॅनेजर असे झाले आहे. दोघांमधला संवाद मुख्यतः घंटेचा. दोन टोले म्हणजे निघा, एक टोला म्हणजे थांबा. सिग्नलचा रंग मोटरमनने उच्चारला, तर तो ऐकावयास भिंतीखेरीज कोणी नाही.

चर्चगेट ते विरार हे अंतर साधारण ६० किलोमीटरचे. सिग्नल चार-पाचशे मीटरांवर एक धरला, तरी एका फेरीत शंभराहून अधिक सिग्नल डोळ्यांखालून जातात. हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, तांबडा. प्रत्येकाचा अर्थ निराळा आणि प्रत्येक वेळी हात निराळा चालला पाहिजे. मध्ये स्थानके पंचवीस-तीस. प्रत्येक स्थानकावर गाडी ठरल्या खुणेपाशीच थांबावयास हवी, कारण बायकांचा डबा कोठे येतो हे फलाटावरच्या बायकांना इंचाइंचाने ठाऊक असते. शिवाय रुळांवरून जाणारी माणसे! डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये रेल्वेच्या सुरक्षिततेसंबंधी जो अहवाल दिला, त्यात रूळ ओलांडताना देशात वर्षाला सुमारे १५,००० माणसे मरतात आणि त्यांपैकी सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असा अंदाज होता. समितीने त्याला हत्याकांड म्हणावयास कमी केले नाही. (काकोडकर हे गोव्याच्या मुक्तिलढ्यातले पुरुषोत्तम काकोडकर यांचे चिरंजीव, हे येथल्या वाचकांना सांगावयास नको.) या आकड्याकडे आपण प्रवाशांच्या बाजूने पाहतो. मोटरमनच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ असा, की रुळावर माणूस दिसला, हात ब्रेकवर गेला, पण गाडी आणखी काही शे मीटर गेल्यावाचून थांबणार नाही हे ठाऊक असताना समोर पाहत बसावयाचे. आणि त्यानंतर पुढचे स्थानक गाठावयाचे.

या माणसावर नुसता विश्वास टाकलेला आहे, असे नाही. त्याच्या हाताखालची मूठ सतत दाबून धरावी लागते. त्याला झोप लागली, झटका आला, मूठ सुटली, की ब्रेक लागून गाडी थांबते. या मुठीला मृत माणसाची मूठ असे काहीसे अशुभ नाव आहे. रुळांत बसविलेली एक चेतावणी यंत्रणाही मुंबईत आहे. पिवळ्या सिग्नलनंतर वेग आवरला नाही किंवा तांबडा ओलांडला, तर ती आपणहून ब्रेक लावते. म्हणजे बहुतेक वेळा गाडी थांबते, कोणाला ओरखडाही येत नाही. उरते ती नोंद. तांबडा सिग्नल ओलांडला ही नोंद. तिच्यामागून चौकशी येते, कामावरून तात्पुरते दूर होणे येते, वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणी येते, आणि शिक्षा नोकरी जाण्यापर्यंत जाऊ शकते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत जे घडले ते या नोंदीसंबंधानेच. मध्य रेल्वेवरील एका मोटरमनने तांबडा सिग्नल ओलांडल्याची नोंद झाली होती. ९ फेब्रुवारीला, शुक्रवारी, भायखळा आणि सँडहर्स्ट रोड यांच्या दरम्यान रुळांवर एका लांब पल्ल्याच्या गाडीखाली त्याचा मृत्यू झाला. रूळ ओलांडताना झालेला हा अपघात आहे, असे रेल्वेचे म्हणणे. कारवाईच्या धास्तीने तो खचला होता, असे त्याच्या सहकाऱ्यांचे म्हणणे. खरे काय ते त्याच्याबरोबर गेले, आणि त्यावर तर्क लढविणे आपल्याला शोभणार नाही. दुसऱ्या दिवशी मोटरमन मोठ्या संख्येने त्याच्या अंत्यविधीला गेले, जादा काम करावयास त्यांनी नकार दिला, आणि शंभरावर गाड्या रद्द कराव्या लागल्या. फलाटांवर खोळंबलेल्या माणसांनी संताप केला. तो अनाठायी होता, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या यंत्रणेतील माणसे जादा काम करीत नाहीत म्हटल्याबरोबर शेकडो फेऱ्यांचे वेळापत्रक एका दिवसात कोसळते, ती यंत्रणा रोज किती ताणलेली असते, हेही त्या दिवशी दिसून आले. ते कोणी फारसे बोलून दाखविले नाही.

कामाच्या तासांची तक्रार आजची नाही. १९७३ साली इंजिनचालकांनी संप केला तो मुख्यतः त्यासाठीच, आणि सलग ड्यूटी दहा तासांवर आणण्याचे आश्वासन सरकारने तेव्हा दिले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशव्यापी संप झाला. त्यात कामावरून काढलेल्यांना परत घेण्याचे काम १९७७ नंतर राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा झाले. दंडवत्यांचे नाव आपण कोकण रेल्वेमुळे घेतो. चालकांच्या घरांत ते या दुसऱ्या कारणानेही घेतले जाते.

आता जरा दूर जाऊ. भयाने चालक सरळ होतो की वाकडा जातो, याचे उत्तर जपानात फार मोठी किंमत देऊन मिळालेले आहे.

२५ एप्रिल २००५. ओसाकाजवळच्या आमागासाकी शहरातून जाणारी सकाळची उपनगरी गाडी. चालक २३ वर्षांचा, गाडी चालवू लागून एक वर्षही झाले नव्हते. इतामी स्थानकावर त्याची गाडी खुणेच्या पुढे गेली. थोडीथोडकी नव्हे, सुमारे ७२ मीटर. गाडी मागे घ्यावी लागली आणि उशीर झाला तो दीड मिनिटाच्या आसपास. आपल्याकडे दीड मिनिटाला उशीर म्हणत नाहीत. पण त्या कंपनीत म्हणत. अशी चूक झाली की चालकाला गाडीवरून उतरवून दिवसपाळीच्या शिक्षणाला बसवीत. नाव शिक्षणाचे, पण प्रत्यक्षात वरिष्ठांसमोर दिवसचे दिवस पश्चात्तापाचे निबंध लिहिणे, बोलणी खाणे, कधी गवत उपटणे असले प्रकार चालत. या तरुणाने आधी एकदा ते भोगलेले होते.

इतामी सोडल्यावर त्याने गाडीच्या अंतर्गत दूरध्वनीवरून मागच्या कंडक्टरला विनविले, की अंतर थोडे कमी करून सांग. कंडक्टरने बिनतारी यंत्रावरून नियंत्रण कक्षाला कळविले: आठ मीटर. चौकशी समितीने २००७ साली जो निष्कर्ष काढला, तो मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो. समोर वळण येत होते. वेगाची मर्यादा ताशी ७० किलोमीटर, गाडीचा वेग ११६. ब्रेक लावण्याची वेळ आली आणि निघून गेली, कारण आपली चूक वर कशी कळविली जात आहे हे ऐकण्यात चालकाचे चित्त गुंतले असावे. गाडी रूळ सोडून एका इमारतीवर आदळली. चालकासह १०७ माणसे गेली, पाचशेहून अधिक जखमी झाली.

पहिली चूक ७२ मीटरांची होती आणि तिने कोणाचे काही बिघडले नव्हते. एकशे सात माणसे मारली ती तिच्या भीतीने.

त्या वळणाची हकीगतही ऐकण्यासारखी आहे. ते पूर्वी ६०० मीटर त्रिज्येचे होते. नव्या मार्गाशी जोडण्यासाठी अपघाताच्या काही वर्षे आधी ते ३०४ मीटरांवर आणले गेले, म्हणजे जवळजवळ दुप्पट तीव्र झाले. वेग आपोआप रोखणारे नव्या पद्धतीचे यंत्र त्या मार्गावर बसवावयाचे होते, पण त्या दिवसापर्यंत बसले नव्हते. कंपनीच्या चार माजी अध्यक्षांवर खटले झाले आणि चौघेही निर्दोष सुटले. शेवटच्या तिघांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली कायम केला. असे होईल हे त्यांना आधी दिसले होते हे सिद्ध होत नाही, असे न्यायालयांचे म्हणणे. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. पण २३ वर्षांच्या पोराला सारे दिसावयास हवे होते आणि वरच्यांना काहीच दिसण्याचे बंधन नव्हते, हा हिशेब सामान्य माणसाच्या गळी उतरणे कठीण आहे.

लंडनची गोष्ट थोडक्यात सांगतो. ५ ऑक्टोबर १९९९ रोजी पॅडिंग्टन स्थानकाजवळ लॅडब्रोक ग्रोव्ह येथे उपनगरी गाडीने तांबडा सिग्नल ओलांडला आणि ती समोरून येणाऱ्या जलद गाडीवर आदळली. ३१ माणसे गेली, दोन्ही चालक त्यांत होते. उपनगरी गाडीचा चालक परीक्षा होऊन दोनच आठवडे झालेला. प्रथमदर्शनी चूक त्याचीच. पण लॉर्ड कलन यांच्या चौकशीत बाहेर आले ते असे, की हाच एसएन १०९ क्रमांकाचा सिग्नल त्याआधीच्या सहा वर्षांत आठ वेळा ओलांडला गेलेला होता. तो नीट दिसतच नसे. आठ चालकांनी आठ वेळा सांगितले होते, निरनिराळ्या कागदांवर, आणि ते कागद एकमेकांना कधी भेटले नाहीत. पुढे गाडी चालविणाऱ्या कंपनीला २००४ साली वीस लाख पौंडांचा आणि रुळांचे काम पाहणाऱ्या संस्थेला २००७ साली चाळीस लाख पौंडांचा दंड झाला. मेलेल्या चालकाच्या माथी सारे मारून प्रकरण मिटले नाही, एवढे तरी झाले.

हे वाचताना मला आमच्याकडच्या खाजनांच्या बांधांची आठवण येते. दिवाडीपासून नार्व्यापर्यंत मांडवीच्या काठची भातशेती या मातीच्या बांधांवर जगलेली आहे. भरतीच्या रात्री बांध फुटतो आणि सकाळी शेतात खारे पाणी उभे राहते, तेव्हा आदल्या रात्री मानशीवर कोण होता हे कोणीतरी विचारतोच. विचारावे. पण जाणता शेतकरी प्रथम कुर्ल्यांची बिळे पाहतो. ती एका रात्रीत पडलेली नसतात. उन्हाळ्यात माती कोणी घातली नाही, दगड कोणी बसविले नाहीत, पैसे कोणी अडविले, हे तो गावकारीला विचारतो. फुटला तो क्षण रात्रपाळीच्या माणसाच्या वाट्याला आला एवढेच.

आपल्या देशात हा विवेक नेहमी राहतो, असे नाही. १७ जून २०२४ रोजी उत्तर बंगालमध्ये रंगापाणीजवळ उभ्या असलेल्या कांचनजंगा एक्सप्रेसवर मागून मालगाडी आदळली. मालगाडीचा चालक जागीच गेला. त्यानंतर काही तासांतच त्याने सिग्नल पाळला नाही, असे रेल्वेच्या उच्चपदस्थांकडून जाहीर झाले. त्याचा सहचालकही मेल्याचे सांगितले गेले. तो बिचारा रुग्णालयात जिवंत होता! पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निराळेच चित्र दिसले. त्या सकाळपासून तेथील स्वयंचलित सिग्नल बिघडलेले होते. तांबडे सिग्नल ओलांडून जाण्याचा लेखी परवाना स्थानकाने चालकाला दिलेला होता, पण तो प्रसंगाला लागू असलेला कागद नव्हता आणि किती वेगाने जावे हे सांगणारा दुसरा कागद दिलाच नव्हता. त्याच कागदावर त्या सकाळी गेलेल्या इतर चालकांनीही आपापल्या समजुतीप्रमाणे वेगवेगळ्या वेगाने गाड्या हाकल्या होत्या. म्हणजे नियम एकाला समजला नव्हता असे नसून तो बहुतेकांना नीट शिकविलाच गेला नव्हता. काही तासांत जो दोषी ठरला त्याच्या घरच्यांनी मधला काळ कसा काढला असेल, याची चौकशी कोणत्याच अहवालात नसते.

हे बाहेर आले याचे एक कारण आहे आणि ते थोड्यांनाच ठाऊक असते. रेल्वे सुरक्षा आयुक्त हे रेल्वे मंत्रालयाचे नोकर नाहीत. त्यांचे कार्यालय नागरी विमानवाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. ज्याच्या घरात चोरी झाली त्यानेच पंचनामा लिहू नये, हे तत्त्व १९४१ साली मान्य होऊन हे खाते रेल्वेपासून वेगळे करण्यात आले. काकोडकर समितीला तेवढेही पुरेसे वाटले नाही. अधिक अधिकार असलेले स्वतंत्र प्राधिकरण असावे असे तिने सुचविले, आणि सुरक्षिततेच्या साऱ्या कामांसाठी पाच वर्षांत एक लाख कोटी रुपयांचा खर्च मांडला. आकडा मोठा होता. तो वाचून सरकारी भुवया किती उंचावल्या असतील, याची कल्पना येते.

मंत्र्यांच्या राजीनाम्यांची गोष्ट अशा वेळी निघतेच. नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियालूरच्या अपघातानंतर लालबहादूर शास्त्री यांनी रेल्वेमंत्रिपद सोडले, हे उदाहरण शाळेतल्या मुलालाही पाठ असते. त्याचा आदर आहे. परंतु राजीनाम्याने सिग्नल दुरुस्त होत नाही, आणि गेलेल्या मंत्र्याच्या जागी येणारा बहुधा तीच फाईल उघडतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की लेखकाने चालकाला पुरते निर्दोष ठरविले. तसे नाही. २८ जून २०१५ रोजी, रविवारी सकाळी, चर्चगेटच्या फलाटाशी येणारी लोकल वेळेवर थांबली नाही. ती अडथळा तोडून फलाटावर चढली. पाच जण जखमी झाले. तो रविवार नसता तर काय झाले असते, ते मनात आणवत नाही. मोटरमन आणि गार्ड यांना निलंबित करण्यात आले, आणि त्यात गैर काही नव्हते. ब्रेक वेळेवर न लावणे ही चूक आहे, आणि हजारो माणसांचा जीव ज्याच्या मुठीत आहे त्याने तिचा जाब दिलाच पाहिजे. ड्यूटीवर मद्य घेऊन येणारा, गाडी चालविताना मोबाईल पाहणारा, यांना क्षमा नसावी. ते प्रमाद नव्हेत, ते गुन्हे आहेत. माझे म्हणणे एवढेच, की डोळा चुकलेला माणूस आणि डोळे मिटून घेतलेला माणूस यांना एकच दंड असला, तर पहिलाही दुसऱ्यासारखे लपवावयास शिकतो.

आणि लपविणे हेच सर्वांत धोक्याचे. कारण ज्या चुकीने काही नुकसान झाले नाही, तीच पुढच्या अपघाताची आगाऊ वर्दी असते. हे ओळखून १९९६ साली स्कॉटलंडमध्ये एक व्यवस्था सुरू झाली. रेल्वेच्या कोणाही माणसाने आपली किंवा समोर दिसलेली चूक एका त्रयस्थ संस्थेला कळवावी. कळविणाऱ्याचे नाव गुप्त राहील, पण मजकूर मात्र रेल्वेपर्यंत जाईल. लॅडब्रोक ग्रोव्हच्या अपघातानंतर ती साऱ्या ब्रिटनमध्ये लागू झाली. विमानचालकांसाठी अमेरिकेत असे काही १९७६ पासूनच होते.

जपानने धडा घेतलेला आणखी एक मार्ग तर अगदी बिनखर्ची आहे. सिग्नल दिसला की चालकाने त्याच्याकडे बोट करावयाचे आणि त्याचा रंग मोठ्याने म्हणावयाचा, एकटा असला तरीही. पाहणाऱ्याला हसू येते. पण तेथील रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ साली प्रयोग केला, तेव्हा नुसते पाहून कृती करणाऱ्यांच्या शंभर कृतींमागे २.३८ चुका होत होत्या. बोट दाखवून आणि उच्चारून केल्यावर त्या ०.३८ वर आल्या. आमच्या आजीला हे सांगितले असते, तर तिला नवल वाटले नसते. दिवा मालवला, कडी घातली, असे मोठ्याने म्हटल्यावाचून ती कधी निजली नाही.

साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेत सहचालक म्हणून रुजू झाल्या. या देशातील त्या पहिल्या स्त्रीचालक. एप्रिल २००० मध्ये केवळ बायकांसाठी सुरू झालेली लोकल त्यांनी चालविली, मार्च २०११ मध्ये डेक्कन क्वीन घाटातून नेली, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत मुंबईला आणली, आणि सप्टेंबर २०२५ अखेर त्या निवृत्त झाल्या. त्यांची छायाचित्रे त्या-त्या वेळी छापून आली ती योग्यच. पण वर्षानुवर्षे रोज सिग्नल वाचून कोणाचे नावही छापून न येता निवृत्त होणारे चालक शेकड्यांनी आहेत. या धंद्यात नाव छापून न येणे हेच यश असते.

शेवटी आमच्या दाराशी येतो. नार्व्याच्या पलीकडे दिवाडीवरून कोकण रेल्वे जाते. २६ जानेवारी १९९८ रोजी हा मार्ग संपूर्णपणे खुला झाला. आरंभीच्या वर्षांत त्याने दोन भयंकर पावसाळे पाहिले. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड आडवी आली आणि पन्नासच्या आसपास माणसे गेली. १६ जून २००४ रोजी करंजाडीनजीक आंबोली पुलापाशी मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. दोन्ही वेळा चालकाकडे बोट दाखवून सुटण्यासारखे काही नव्हते. डोंगर खाली आला होता. तेव्हा रेल्वेलाच आपली पद्धत बदलावी लागली. कटाई सुधारल्या, दरडींवर जाळ्या आल्या, पावसाळ्यात गस्त वाढली. पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक लागते आणि प्रवास काही तासांनी लांबतो. शिवाय चालकांना स्पष्ट सूचना आहे: मुसळधार पावसात समोरचे नीट दिसत नसेल तर वेग ताशी ४० किलोमीटरांवर आणावा.

मुंबईच्या नातेवाइकांना या उशिराचा वैताग येतो. अष्टमी ऐन पावसाळ्यात येत असल्याने तो वैताग आम्ही दरवर्षी ऐकतो. आमचे ते आप्तही त्या खेपेला थिवी स्थानकावर दोन तास उशिरा उतरले होते आणि त्याबद्दल चालकालाच बोल लावीत होते. डोळ्यांपुढे पावसाची भिंत उभी असताना वेग कमी करणाऱ्या त्या माणसाला कोणी निबंध लिहावयास बसविणार नव्हते, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हते, आणि मलाही नव्हते. पुढच्या वर्षी ते आले तेव्हा मी आमागासाकीची हकीगत त्यांना धक्क्यावरच सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली. मग विचारले, "त्या कंडक्टरचे पुढे काय झाले?" ते मला सांगता आले नाही. इतक्यात दिवाडीहून बोट आली, तिची फळी धक्क्यावर पडली आणि माणसे उतरू लागली.